भिसे खिंडीतला मऊ ब्रेक

रोहा,
१० नोव्हेंबर १९९४

ती. जगनभाऊजी यांस,
दिनानाथचा सा. न. वि. वि. शकूताईस नमस्कार.

येथे सर्व खुशाल. मृणालीला नववा लागला. तुमची लेक आता पायरी उतरताना माझा खांदा धरते आणि वर मलाच ‘मामा, हळू’ म्हणून बजावते. ठरल्याप्रमाणे पंचवीस तारखेला तिला बाळंतपणासाठी माझ्या फियाटमधून पेणला आणायची आहे. जावयांना कंपनीत शिफ्ट, म्हणून ही कामगिरी मामाकडे.

पण काल नागोठण्याला जाताना भिसे खिंडीच्या उतारावर ब्रेकचं पेडल लोण्यात पाय रुतावा तसं खाली गेलं. भराभर तीन-चारदा दाबलं, तेव्हा गाडी कशीबशी थांबली. घरी बोललो नाही, मला भित्रा म्हणतील. तुम्हाला मात्र खरं सांगतो, भाचीला मागे बसवून ती खिंड उतरायची माझी छाती नाही. बत्तीस वर्षं तुम्ही डेपोत एसट्यांचे ब्रेक पाहिलेत. काय तपासू ते कळवा.

ताईला यातलं थोडंच सांगा. माया आहे तशी राहू द्या.

आपला,
दिनानाथ

पेण,
१३ नोव्हेंबर १९९४

चि. दिनानाथ यास,
अनेक आशीर्वाद.

थोडंच सांगायचं कसं? तुझं पत्र आधी ताईनेच फोडलं. वाचून देवापुढे ठेवलं, तिथून मी उचललं. तुला भित्रा म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. पेडल मऊ लागल्यावर जो घाबरत नाही, त्याच्या गाडीत मी बसत नाही.

आता शिस्तीने कर. गाडी सपाटीवर उभी करून पेडल दाबून धर आणि शंभर मोज. पाय हळूहळू खाली जात राहिला, तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. चारी चाकं आतून बघ, ओल दिसली तर तेल गळतंय. आणि सकाळी गाडी थंड असताना पेडल कसं लागतं ते नीट ध्यानात ठेव. थंड असताना कडक आणि उतारावर तापल्यावर मऊ, असं असेल तर ब्रेक ऑइलमध्ये पाणी गेलंय. तापलं की त्याची वाफ होते, आणि पाय वाफेवर पडतो. मग वरून तेल ओतून भागत नाही, सगळं काढून नवं भरावं लागतं. तोवर गाडी दारातून हलवू नकोस.

ताई म्हणते, दिवस पुढे गेला तरी चालेल, पण लेक सुखरूप येऊ दे. मीही तेच म्हणतो. सर्वांस आशीर्वाद, मृणालीला जास्त.

तुझा,
जगन

रोहा,
१९ नोव्हेंबर १९९४

ती. भाऊजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं निदान तंतोतंत निघालं. शंभर मोजले, पाय हलला नाही. चाकं कोरडी. सकाळी पेडल दगडासारखं कडक.

गाडी हलवायची नाही म्हटल्यावर नदीपलीकडच्या अष्टमी गावचा अब्दुल मेकॅनिक स्वतः हत्यारं घेऊन पूल ओलांडून चालत आला. मस्कतला दहा वर्षं गाड्याच दुरुस्त करत होता. तेल काढून काचेच्या पेल्यात धरलं, तर अगदी गढूळ. तेलात पानी हाय, एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. सगळं तेल बदललं, रबरं नवी घातली. मग मी सीटवर आणि तो चाकापाशी. तो दाबा म्हणाला की दाबायचं, सोडा म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. लांबच्या चाकापासून एकेक करत ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली.

काल जुम्म्याची नमाज पढून तो परत आला. मला खाली उतरवलं आणि एकटाच तीन वेळा खिंड चढून-उतरून आला. तुमच्या घरात पाळणा हलायचाय, पहिला उतार माझा, असं म्हणाला. भाऊजी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाणी कसं गेलं याचा विचार करू नका. झाकण सैल राहिलं असेल, जुन्या गाडीत असं होतं. पंचवीसला येतो. भेटीपर्यंत जीव शांत ठेवा.

आपला,
दिनानाथ

पेण,
६ डिसेंबर १९९४

चि. दिनानाथ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी सकाळी मृणालीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ताईने डिंकाचे लाडू एवढे केलेत की आता मीही बाळंतीण असल्यासारखा खातो आहे.

त्या दिवशी तू दारात गाडी उभी केलीस तेव्हा तुझ्याकडे बघवलं नाही, म्हणून हे लिहून सांगतो. तेलात पाणी निघाल्याचं तुझं पत्र वाचलं तेव्हाच चूक कोणाची ते उमगलं होतं. खंडेनवमीला मी तुमच्याकडे होतो. डेपोत पूजेआधी बस धुवायचो, त्याच सवयीने तुझ्या गाडीचं बॉनेट उघडून मी पाण्याचा पाइप लावला. ब्रेक ऑइल किती आहे बघायला त्याच्या डबीचं झाकण आधीच काढलं होतं. ते गाडी धुऊन झाल्यावर मग बसवलं, तोवर पाणी आत गेलं. वर झेंडूचा हार घालून सगळ्यांना प्रसादही वाटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तू अंगणातच उभा होतास, तुला दिसलं असणार. मृणालीने काल सांगितलं की झाकण कोणी उघडं टाकलं असं अब्दुलने विचारलं, तेव्हा ‘माझाच हात’ म्हणून तू दोष स्वतःवर घेतलास.

बाबा रे, माझ्या चुकीवर माझी लेक बसणार होती. तू घाबरलास आणि तसं लिहिलंस, म्हणून आज नात मांडीवर आहे. आणि वर माझी लाजही झाकलीस. बारशाला अब्दुल आणि त्याच्या बायकोला, सलीमाभाभीला, घेऊन ये. तो हात कोणाचा होता, ते मी चार माणसांत त्याला सांगणार आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस.

तुझा ऋणी,
जगन