पाचवं शील आणि जिभेखालची गोळी

अंबरनाथ
ता. १२ ऑगस्ट २०२५

ती. अस्मिताताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर आपण लगेच भांडतो आणि आई कान लावून बसते, म्हणून हे पत्र जयदेवदाजींच्या हाती देतोय. त्यांनी वाटेत उघडून वाचलं तरी माझी हरकत नाही.

राजरत्न पुन्हा घसरला. कंबरदुखीच्या गोळ्यांवरून नशेच्या पावडरवर गेलेला आपला भाऊ गेलं वर्षभर कॅम्प तीनच्या व्यसनमुक्ती केंद्रातली औषधाची गोळी जिभेखाली ठेवून सरळ चालला होता. जीन्सच्या कारखान्यात पुन्हा मशीनवर बसायला लागला होता. आता लघवीच्या तपासणीत पावडर निघाली. मला वाटलं, नाव कापतील. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जो घसरतो त्याला उपचार जास्त लागतो, कमी नाही. म्हणजे आठवड्याच्या गोळ्या घरी मिळायच्या त्या बंद. रोज सकाळी नर्ससमोर गोळी घ्यायची, मग गटात बसून बोलायचं, आणि शनिवारी घरच्यांनी हजर राहायचं. मला कंपनीत बढती मिळेना, ह्याला केंद्रात मिळाली.

रोज त्याला सोडून मी आनंदनगरला कामावर उशिरा पोचतो. साहेब तोंड वाकडं करतो, हा वाटेत एक शब्द बोलत नाही. ताई, मला खरंच वीट आलाय. चांगला चाललेला माणूस मध्येच असा का पडतो? ह्या शनिवारी तू जा. मी गेलो तर माझा हात उठेल.

तुझा चिडका भाऊ,
भूषण

बदलापूर, खरवई
ता. १७ ऑगस्ट २०२५

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. दाजींनी पत्र उघडलं नाही, मीच मोठ्याने वाचून दाखवलं. साहेबाच्या तोंडावर ते फार हसले.

काल केंद्रात गेले होते. राजरत्नने तिथे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नाही. गेल्या महिन्यात आषाढी पौर्णिमेला आई राजरत्नला विहारात घेऊन गेली होती. पंचशील ग्रहण करायचं होतं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. निघण्याआधी आई त्याला म्हणाली की केंद्रातली गोळीसुद्धा नशाच, ती जिभेखाली ठेवून त्याच जिभेने शील कसं घेणार? त्याने उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या आणि विहारात गेला.

राजरत्नने गोळी सोडली म्हणून आईने खीर केली होती, आठवतं? आपण दोघांनी वाटी पुढे करून मागून खाल्ली. कुठली गोळी, हे ना तू विचारलंस ना मी. आपल्याला वाटलं, जुन्या दुखण्याच्या गोळ्यांचा नादही गेला. गोळी तुटल्यावरची त्याची अंगदुखी, उलट्या आपण व्हायरलवर ढकलल्या. ते सहन होईना म्हणून तो पावडरकडे गेला. भूषण, तो शील मोडायला गेला नव्हता रे, पाळायला गेला होता.

समुपदेशक बाई म्हणाल्या, ही गोळी बीपीच्या गोळीसारखी समजा. मी आईला फोन करून तेच सांगितलं. ती म्हणाली, बीपीच्या गोळीला कुणी रांगेत उभं करत नाही. मला इतका संताप आला की फोन ठेवला आणि रडले. आता तू सांगून बघ, पण ओरडू नकोस.

तुझी ताई,
अस्मिता

अंबरनाथ
ता. २३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आईचं एकच, मी काय त्याच्या हातून हिसकावल्या होत्या का. त्यात गुरुवारी राजरत्नने अंथरूण सोडलं नाही. म्हणाला, तिथे सगळे माझ्यासारखे पडलेलेच, त्यांच्यात बसून मी काय उठणार. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की आता औषध तुटलं आणि त्याने पूर्वीच्या मापाने पावडर घेतली, तर श्वास बंद पडू शकतो. हे मी आईला ओरडूनच सांगितलं आणि दार आपटून कामाला गेलो.

थोड्या वेळाने केंद्रातून फोन. आई एकटीच शेअर रिक्षाने तिथे पोचली होती. पोराची गोळी माझ्या हातात द्या, मी नेऊन त्याच्या जिभेखाली ठेवते, म्हणाली. माणूस समोर असल्याशिवाय देता येत नाही, असं नर्सने सांगितलं. मग काय, तुमच्या नियमापायी माझं पोर मरेल म्हणून आईने केंद्र डोक्यावर घेतलं. जिला ती नशा म्हणत होती, त्याच गोळीसाठी. मिळाल्याशिवाय बाकावरून उठणार नाही, पाणीही पिणार नाही.

मी राजरत्नला फोन लावला. म्हटलं, मला सुट्टी नाही, तुझी आई तूच आवर. बडबडत निघाला. नर्सने सांगितलं ते असं, की तो आला तेव्हा आई सरकून बसली. त्याने गोळी घेतली आणि तिच्या शेजारी टेकला. गोळी विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. त्याला बोलता येईना, म्हणून आईही बोलली नाही. त्याची गोळी पूर्ण विरघळल्यावर तिने पाणी मागितलं.

काल आणि आज तो आपणहून गेला. उद्याचं मला विचारू नकोस. माझा राग अजून गेलेला नाही, पण तुझा लोभ मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
भूषण