सुनेच्या अटीपायी पाण्यात

वार्ना, जूनमधला एक रविवार

ती. राइनाताईस,

धाकट्या दोब्रिंकाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा डोंगर चढू देतो का? भावजींचा खोकला गेला का, की अजून प्लमच्या दारूनंच औषधपाणी चाललंय? इकडे मी ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत, की माझा मलाच धक्का बसलाय. उभी असशील तर आधी बस. ताई, मला पोहता येतं!

आता तू म्हणशील, जन्मभर समुद्राकाठी राहून जिनं घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही, तिला या वयात हे काय सुचलं? मला कुठलं सुचतंय! नाताळच्या जेवणात आमच्या सूनबाई, इस्क्रा, कोबीच्या पानातला भात वाढता वाढता म्हणाल्या, "आई, तुम्हाला पोहता येत नसेल तर येत्या उन्हाळ्यात बिलियानाला तुमच्याकडे ठेवायची नाही. समुद्र दारातच आहे." माझा काटा तोंडापाशीच थांबला. ल्युबेनकडे बघितलं, तर तो बशीत बघत होता. (माझाच मुलगा, पण बायको बोलायला लागली की त्याला बशी फार आवडते.) नात सुट्टीला येते तेवढाच काय तो माझ्या घरात आवाज, ताई. एरवी रेडिओ बोलतो आणि मी त्याला उत्तरं देते. तेव्हा रागारागात पोहण्याच्या बंदिस्त तलावावर जाऊन शिकायला नाव घालून आले.

तिथलं काय सांगू! कपडे बदलायच्या खोलीत बायका जन्मल्या तशा उभ्या राहून मिरच्या भाजायच्या गोष्टी करत होत्या. मी कोट घालून कोपऱ्यात. कशीबशी टोपी चढवून बाहेर येते, तर समोर माझे दातांचे डॉक्टर, एवढ्याशा चड्डीत! "काय दोब्रिंकाबाई, दाढ काय म्हणते?" मी इतकी हबकले, की सवयीनं आ वासून दाखवला.

शिकवायला हेनादी म्हणून ओदेसाचा माणूस. नुकताच इकडे आलेला, भाषा बरी बोलतो, पण मान परदेशी: आपण 'नाही' म्हणताना मान वरखाली करतो, तर त्याच्या लेखी ते 'हो'. पहिले काही दिवस उथळ पाण्यात फळी धरून पाय झाडण्यात गेले. मग एका सकाळी त्यानं विचारलं, "बाई, खोल बाजूला जायचं का?" मी मान जोरजोरात वरखाली केली. आपल्याकडचं तान्हं पोरसुद्धा समजेल, की बाई नको म्हणतेय. हा म्हणाला, "शाब्बास!" आणि मला घेऊन निघाला. पायाखालची फरशी गेली. तिथं त्यानं विचारलं, "भीती वाटते?" माझी वाचाच बसलेली, म्हणून मी मान डावी-उजवीकडे हलवली. वाटते रे बाबा, फार वाटते! तो हसला आणि त्यानं हात सोडला.

ताई, मी मेले. निदान मला तसं वाटलं. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे आपली आई. मग उताणी झाले, आणि बघते तर वर छप्पर, खाली काही नाही, आणि मी ताकातल्या काकडीसारखी तरंगतेय! काठावर आल्यावर हेनादीला जे काही बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेऊन त्यानं विचारलं, "म्हणजे उद्या येणार नाही?" मी रागानं मान हलवली. कुठल्या दिशेला ते आता आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी गेले खरी.

आणि मग जातच राहिले. बर्फ पडत होता तेव्हाही गेले. घरी परातीत तोंड बुडवून फुगे सोडले. (शेजारीण साखर मागायला आली ती बघून तशीच परत गेली.) आठवडेच्या आठवडे हात एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि श्वास तर माझा नव्हताच. कधी जमलं ते कळलं नाही. एकदा अशीच रागानं हात मारत होते, मनात सुनेशी भांडण चालू होतं, आणि डोकं भिंतीला आपटलं. पलीकडची भिंत होती! मी कुठंही न थांबता आले होते. हेनादी टाळ्या वाजवायला लागला, आणि मी काठाला धरून लहान मुलीसारखी रडले.

भावजींना नमस्कार, शेळ्यांना माझी आठवण.

तुझी,
दोब्रिंका

ता. क. गेल्या आठवड्यात इस्क्रा परीक्षा घ्यायला आली होती. मी दिमाखात जाऊन-येऊन दाखवलं. ती कठडा आवळून उभी होती, तोंड पांढरंफटक. एवढंच म्हणाली, "पाठवते बिलियानाला."

आणखी एक. कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसून राहिली आणि म्हणाली, "आई, मला स्वतःला पोहता येत नाही. पोरगी पाण्यात पडली तर मी नुसती ओरडत बसेन. ल्युबेनलाही सांगितलं नाहीये. मला शिकवाल?" ताई, नाताळपासून जिला मनातल्या मनात रोज बुडवत होते, ती ही!

खरं काम राहिलंच. तू पुढच्या शनिवारी येच आणि काठावर बस. सासू सुनेला खोल पाण्यात नेणार म्हणजे एखादा साक्षीदार हवा, नाहीतर गाव काय म्हणेल? उथळ पाण्यात काल नेलं होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण कधी गालाला गाल लावण्यापलीकडे ती माझ्या जवळ आली नव्हती. काल तिनं माझा हात असा धरला, की तास संपला तरी सोडेना. मीही सोडवून घेतला नाही.