पाव किलोचा वॉकमन

२ मार्च १९८७

आज भामाबाईनं पुन्हा डिवचलं! पळून आले, अजून दम खाली बसला नव्हता. ती तिच्या ओट्यावर, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं — "आमी प्यायचं मोजून पितो, अन् हिला घाम धुवायला घागरभर पाणी!"

घागरभर नाही. दोन तांबे. टँकर तीन दिवसांतून एकदा येतो, मला कळत नाही का? भिंतीला भिंत लागून घर. जायचं कुठं?

सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई, आणि सकाळी रस्त्यानं पळते. अहमदपूरला बोलायला एवढं पुरे.

५ मार्च

मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या क्रीडास्पर्धांचं पत्रक आलं. नांदेडला, २६ एप्रिल. बायकांची पंधराशे मीटर आहे!

उस्मानाबाद जिल्ह्यात या शर्यतीचा विक्रम माझा होता. कॉलेजात असताना. मग लातूर वेगळा झाला आणि आम्ही नव्या जिल्ह्यात आलो. विक्रम राहिला तिकडं. त्यांच्या वहीत मी परजिल्ह्याची, इकडच्या वहीत मी नाहीच. शाळेच्या मोठ्या बाईंना विचारलं, आपल्या जिल्ह्याचा या शर्यतीत विक्रम किती? त्या हसल्या. "अहो, पाच वर्षं होत आली, कोण बाई पळालीच नाही."

म्हणजे पान कोरं आहे. पहिलं नाव माझं लागलं पाहिजे. बस.

८ मार्च

स्टँडजवळच्या हॉटेलातली माणसं. रोजची तीच. "बाई, कोन लागलंय मागं?" मग हसणं. त्याचं काही नाही, पण ते वाक्य पुढं मैलभर डोक्यात फिरतं. श्वास चुकतो.

परवा लातूरच्या एसटीत एका कॉलेजच्या पोराकडं वॉकमन पाहिला. कानाला स्पंजच्या टिकल्या लावून खिडकीशी बसला होता. कंडक्टर तीनदा ओरडला, याला पत्ता नाही!

मला तेच पाहिजे.

१३ मार्च

शिवमूर्ती आप्पांच्या किराणा दुकानात गेले होते. त्यांचा जावई उदगीरहून आलाय, त्याच्याकडं वॉकमन. आप्पांनी तो चक्क तराजूत टाकला! सेल आणि कॅसेटसकट चारशे ग्रॅम.

"पळताना लई वाटंल का वो, आप्पा?"

"मला काय म्हाईत? मी कवा पळालो?" म्हणाले आणि चारशे ग्रॅम साखर पुड्यात बांधून दिली. "कंबरेला बांधून बघा. जड वाटली तर घरी च्या करा."

१४ मार्च

पुडा ओढणीनं पोटाला बांधून पळाले. चारशे ग्रॅम काही नाही असं वाटतं. अर्धा मैल गेलं की तीच साखर धोंडा होते. डावीकडं ओढ लागते, पाय वाकडा पडतो. पोटाला वळ उठला.

१६ मार्च

तीनशेवर आले. तरी हिंदकळतं. पाव किलोला मात्र कळलंच नाही. म्हणजे पाव किलोच्या वर नको. आई म्हणते, "साखर बांधून पळती, मुंग्या लागतील तुला." आईला वॉकमनचं अजून सांगितलं नाही.

२२ मार्च

नांदेडला जाऊन आले. वजिराबादेतलं दुकान, म्हातारा मालक. तीन दाखवले त्यानं. एक लोखंडी अंगाचा, रेडिओसकट. आवाज काय गोड! पण हातात घेतल्याबरोबर खाली ठेवला. दुसऱ्यात रेकॉर्डिंग पण होतं. मला कुणाचं रेकॉर्ड करायचंय? तिसरा प्लॅस्टिकचा, काळा. कॅसेटच्या डबीपेक्षा थोडा मोठा, दोन पेन्सिल सेल. बाकी काही नाही.

म्हातारा म्हणाला, "बाईसाब, ये बैठके सुनने की चीज हाय. पळताना टेप लडखडतो."

म्हटलं, बघते. दुकानातच जागेवर उड्या मारल्या! गिऱ्हाइकं थबकली. लोखंडी साफ लडखडला, गाणारा बुडतोय असा आवाज. रेकॉर्डिंगवाला अडखळला. काळा नुसता जरासा थरथरला. पोटाला घट्ट बांधला तर तेवढंही नाही.

म्हातारा बघतच राहिला. "कोन सिखाया तुमको?"

काळा घेतला. ढोलकीची एक कॅसेट पण. शब्द नकोतच. लोकांचे पुष्कळ झाले.

२४ मार्च

हॉटेलवाल्यांची तोंडं हलताना दिसली. ऐकू काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता माझा वाटला!

२९ मार्च

शिरूरच्या रस्त्यानं वडापर्यंत जाऊन येते. दर आठवड्याला वेळ कमी होतोय. भामाबाई ओट्यावरून हात नाचवते, मी कानाला हात लावून दाखवते — ऐकू येत नाही! तिचा संताप बघून बरं वाटतं. वाईट आहे हे. पण वाटतं.

३ एप्रिल

टँकरवर भांडण. घरटी तीन घागरी ठरल्यात. भामाबाई तीन घेते, मग मागच्या बाजूनं पुन्हा येऊन दोन घेते. किती दिवस बघत होते. आज टँकरवाल्याला सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानं तिच्या दोन घागरी परत ओतून घेतल्या.

ती ओरडली नाही! एवढंच म्हणाली, "सून बाळंतीन हाय गं घरात."

सगळ्यांच्याच घरात कुणी ना कुणी आहे. माझ्या दोन तांब्यांचा हिशेब गल्लीला कुणी दिला होता?

८ एप्रिल

आई बोलत नाही माझ्याशी. "बाळंतिणीचं पानी तोडलंस," एवढंच म्हणाली. मी तोडलं? मी खरं सांगितलं.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत निळ्या पताका. भामाबाई वंदनेला माझ्या शेजारीच उभी होती. वंदना झाली, ती तिकडून गेली, मी इकडून.

१७ एप्रिल

भामाबाई विहिरीत पडली.

शिरूरच्या रस्त्याला वडाच्या अलीकडं जी आटलेली विहीर आहे, तिथं तळाला झिरपा आहे. बायका उतरून वाटीनं पाणी भरतात. टँकर दोन खेपा चुकला. गर्दी व्हायच्या आत मिळावं म्हणून ती एकटीच उजाडता उजाडता गेली. पायरीचा दगड निसटला. दीड तास खाली पडून होती. शेवटी एका गुराख्याला आवाज ऐकू गेला. खुब्याचं हाड मोडलंय.

मी त्याच रस्त्यानं गेले होते. जाताना आणि येताना. कानात ढोलकी होती. काही ऐकलं नाही.

१८ एप्रिल

साऱ्या गल्लीला कळलंय मी तिथून गेले ते. पार्वतीबाई नळाशी उभी राहून म्हणाली, "बघा, बाईच्या कानात वाजत होतं, अन् इकडं म्हातारी मरत होती!" नळाला पाणी नाही. तिथं नुसतं बोलायला जमतात.

आईनं विचारलं, "खरंच ऐकलं न्हाईस?"

"नाही."

२१ एप्रिल

लातूरला सरकारी दवाखान्यात गेले. धीर होत नव्हता. आई म्हणाली, तू जा नाहीतर मी जाते. मोसंबी घेतली.

भामाबाईचा पाय वजन बांधून टांगलेला. अंग एवढंसं झालंय. मुलगा व्यंकट उशाशी बसला होता. माझ्याकडं बघेना. तिनंच त्याला बाहेर धाडलं, चहाला.

मग म्हणाली, "मी तुला लई हाका मारल्या गं. तुझे पाय वाजताना ऐकले मी. जाताना बी, येताना बी."

मी पिशवीतली मोसंबी काढून ठेवू लागले.

"व्यंकटला सांगितलंय, तिला बोल लावू नको. कानात मशीन होती लेकराच्या. तिला काय ऐकू येनार?" मग माझा हात धरला. "न्हाईतर थांबली असतीस की. पळनाऱ्या मानसाचं काळीज वाईट नसतंय."

डॉक्टर म्हणाले, उभी राहील, पण घागर आता उचलणार नाही.

येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले.

२३ एप्रिल

आमच्या तीन घागरींतली एक भामाबाईच्या सुनेला नेऊन दिली. तिनं घेतली. बाळ दाखवलं. मुलगी आहे. सून म्हणाली, "बाई, तुमी नका मनाला लावून घेऊ. सासूबाई सांगतात ना समद्यांना, तुमचा दोष न्हाई."

समद्यांना सांगते!

२६ एप्रिल

पहिली आले.

स्पर्धेत वॉकमन चालत नाही. नुसत्या कानांनी पळाले. वेळ उस्मानाबादच्यापेक्षा सात सेकंद जास्त, पण नव्या जिल्ह्याच्या वहीत पहिलाच म्हणून विक्रम. वही घेऊन आलेल्या जिल्ह्याच्या क्रीडा-साहेबांनी माझ्यासमोर नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत बघत उभी होते. टाळ्या झाल्या. कुणीतरी गळ्यात हार घातला.

आनंद झाला नाही. लिहून ठेवते, झाला नाही.

२८ एप्रिल

त्या दिवशी सेल विहिरीच्या आधीच संपले होते. टिकल्या तशाच कानावर ठेवून पळत होते. भामाबाईचा आवाज आला, दोन्ही वेळा. ओळखला. म्हटलं, ओरडू दे — आणि पाय उचलले.