चावी खिळ्यावर आहे

आप्पा, आज दुपारी तुमची स्कूटर झाकून ठेवली. उद्या मी ॲडमिट होतोय, परवा हृदयाचं ऑपरेशन. त्यानंतर सहा महिने गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. "अहो, बॅग भरा की! ॲडमिट तुम्हाला व्हायचंय, गाडीला नव्हे," असं तुमची सून स्वयंपाकघरातून मघापासून ऐकवत होती. मी कॅनमधून पेट्रोल ओतून टाकी गळ्यापर्यंत भरली, कारण अर्धी टाकी आतून गंजते. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा केला, बॅटरी काढली, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही तर नाहीच. तुम्ही मला फडकं धरून उभं करायचात, आणि मी हात पुढं केला की म्हणायचात, "लांबून बघ. डोळ्यानं शिक." तसाच शिकलो, आणि आज शुक्रवार पेठेतले मिस्त्री अडलं की मला विचारायला येतात.

अडलं ते शेवटी. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं. ते आत सगळीकडं पसरायला किक सावकाश दाबावी लागते. मी पाय उचलला, तोच दारातून तुमची नात ओरडली, "बाबा, पाय खाली!"

"एवढंच राहिलंय गं."

"मग मी दाबते."

"तुला नाही जमायचं."

"तुम्हाला कुणी शिकवलं होतं?"

मी बाजूला सरकलो. तिनं पाय लावलाच नाही. खाली बसून दोन्ही हातांनी किक दाबली, सोडली, परत दाबली. मी "सावकाश!" म्हणून खेकसलो, पण ती सावकाशच दाबत होती. हातानं दाबायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. चूक काढायला जागा नव्हती.

तुम्ही दवाखान्यात निघालात तो दिवस डोळ्यांपुढं येतो. हीच गाडी तुम्ही डबल स्टँडवर घेता, वर सोलापुरी चादर घालता, कोपरे ओढून सारखे करता. प्लास्टिक नको, आत घाम धरतो, असं पुटपुटता. मग चावी नेहमीसारखी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवत नाही. माझ्या हातात देता. "ठेव," एवढंच. रिक्षा गल्लीच्या कोपऱ्यावर वळायच्या आत मला कळलं होतं. त्या चावीचा मी फार दिवस राग धरला. हातात दिली नसती तर तुम्ही परत आला असता, असं वाटायचं. वेडेपणा आहे. अजून वाटतं.

आज चादर घालून झाल्यावर पोरीनं हात पुढं केला. "बाबा, चावी द्या की. अधूनमधून बघत जाईन मी गाडी." हात ऑइलनं बरबटलेला. मी त्या हाताकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "खिळ्यावर आहे."

हा कागद पाठवणार कुठं? घडी करून गाडीच्या डिकीत, पान्यांच्या पिशवीत ठेवतो. डिकी उघडायला चावी लागते, आणि ती खिळ्यावर नाही, माझ्या खिशात आहे. खिळ्याला अडकवायचाही धीर झाला नाही. ऑपरेशनला आत नेताना अंगावरचं सगळं काढून ठेवायला लावतात म्हणे. तेव्हा ती कुणाच्या तरी हातात द्यावीच लागेल, आप्पा.