वितळलेली लाट आणि बायाक्काची वाकळ

मी, सत्याप्पा भरमू हलगेकर, वय बासष्ट, कालव्यावरचा निवृत्त पाटकरी, राहणार निपाणी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल पत्नी सोनुबाई हिचं मत वेगळं आहे, पण तिला साक्षीला घेतलेलं नाही.

१. राहतं घर, परसू आणि म्हैस सोनुबाईची. म्हैस तशीही तिचंच ऐकते.

२. बायकांना सावध करायची माझी शिट्टी माझ्या जागी आलेल्या गुंडूला. कालव्याचं खालचं दार एकदम पाडून बंद केलं की पाणी भिंतीसारखं उलटं वर येतं, आणि वर धुण्याच्या दगडांवर बायका असतात. ती भिंत कधी आणि किती उंच येईल हे आधी कळावं, म्हणूनच खडेबाजारातल्या रद्दीतलं पुस्तक आणून मी गणित शिकलो.

३. गणिताची वही. ती कोणाला, ते कलम ५ मध्ये. वहीत कालव्याचे चाळीस खण पाडले. खणात होतं ते पाणी, त्यात आलेलं मिळवा, गेलेलं वजा करा, की पुढच्या घटकेचं पाणी. घटका एवढी लहान, की लाट एका पावलात एक खण ओलांडू नये. दोन खणांच्या शिवेवरून किती गेलं हे लाट जिकडून येते त्या खणाला विचारायचं. माझा भाचा भीमसेन, बेळगावात इंजिनियर, दोन्ही खणांची सरासरी घ्यायचा. कॉलेजच्या कॉम्प्युटरने त्याला भिंतीपाशी उड्या मारणारं पाणी दिलं, आणि एके ठिकाणी उणे दीड फूट खोल! मी भर पंगतीत म्हणालो, "भीम्याच्या कालव्यात बुडायचं तर वर उडी मारावी लागती!" तो म्हणाला, "मामा, तुमचं पाणी उडत न्हाय, खरं तुमची लाट वितळतीया. भिंतीची घसरगुंडी झालीया." तेव्हापासून, म्हणजे १९७९ पासून, आमचं बोलणं बंद. तो येतो, सोनुबाई मध्ये बसते. "मामी, मामास्नी सांग." "अगं, त्याला सांग." तिघंही एकाच खोलीत.

४. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्याच महिन्यात कालव्याचं दार पाडलं. वहीत दीड फूट, सावकाश चढणारं पाणी होतं, म्हणून मी शिट्टी न वाजवता चहा पीत बसलो. आलं साडेतीन फूट, उभंच्या उभं. शेजारची बायाक्का थोडक्यात वाचली, तिची नवी वाकळ वाहून गेली. वर मीच विचारलं, "आक्का, नजर कुठं होती गं?" ती म्हणाली, "वाकळ तुझ्या वहीत गेली काय रं? मग ती वहीच धू!" चूक वहीची होती. भीम्या खरं बोलला होता. माझी कोरी वाकळ बायाक्काला द्यावी, माफीसकट.

५. त्यानंतर पाच वर्षं बसून एक रीत जमली. पाणी संथ असेल तिथे भीम्याची सरासरी, उभं राहील तिथे माझी रीत, खण बघून ठरवायचं. लाट वितळत नाही, उड्याही मारत नाही. पण चाळीस खण हाताने एकदाच झाले, नीट पारख कॉम्प्युटरवरच होईल. सबब वही माझ्या पश्चात भीमसेनला. अट एकच, पहिलं पान त्याने हाताने सोडवावं.

कलम ५ सहीपूर्वी रद्द. कारण, दुसरा साक्षीदार आलाच नाही. भीमसेन दारात होता, पण हा कागद उतरवून घेणारे लेखनिक म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष नको. भीमसेनने कागद वाचला. कलम चार दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मामी, मामास्नी सांग, ते मरंपर्यंत कोण थांबणार? सोमवारी कालव्याचं दार पाडत्यात."

मी थेट त्यालाच म्हणालो, "घे रं." वही आजच हातात दिली. आता त्याला या कागदातून काहीही मिळत नाही, सबब साक्षीला चालतो.

सही: सत्याप्पा भरमू हलगेकर
निपाणी, शुक्रवार, ९ मार्च १९८४

साक्षीदार:
१. नागोजी यल्लाप्पा सुतार
२. भीमसेन सुबराव कणबरकर (पहिलं पान इथेच बसून हाताने सोडवलं. मामा, तिसऱ्या खणात तुमची बेरीज चुकली आहे. हे मी तुम्हालाच सांगतोय, मामीला नाही.)