टोपीभर पाण्याचा डीकन

क्लोव्हर बेंड, टेनेसी
मंगळवार, ४ ऑगस्ट

आदरणीय ओपलताई हिला धाकट्या डेल्मरचा प्रभूमध्ये सलाम.

तुझा गुडघा आता कसा आहे? ओरेगॉनची हवा तुला मानवणार नाही हे मी तू निघालीस तेव्हाच बजावलं होतं, पण या घरात माझं ऐकलंय कोणी? इकडे सगळे ठीक. आमच्या हिचं, व्हर्नाचं, ब्लडप्रेशर ताब्यात आहे, टोमॅटो यंदा बेताचेच, आणि आमचा कुत्रा पुन्हा पोस्टमनला चावला (थोडासाच; पोस्टमनही तेच म्हणाला). मी प्रकृतीने उत्तम आहे, फक्त लाजेने अर्धा झालोय. हकिकत शेवटपर्यंत वाच आणि मध्येच फोन करू नकोस, कारण आमच्याकडे फोन व्हर्ना उचलते, आणि तिला यातलं अक्षर माहीत नाही.

तर, आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आलेत, ब्रदर टेट. वय एकतीस, दाढी भरघोस, उत्साह त्याहून भरघोस. त्यांनी टूम काढली की मंडळीच्या वेबसाइटवर प्रत्येक पुढाऱ्याच्या विश्वासाचा प्रवास छापायचा, फोटोसकट, आणि त्याआधी रविवारी सगळ्यांसमोर तो वाचायचा. बाकीच्यांना काय, त्यांच्याकडे माल होता. आमच्या खजिनदाराने तरुणपणी दारू पिऊन ट्रक दरीत घातला, आणि प्रभू त्याला त्या दरीतच भेटला. (तो हे इतक्या चवीने सांगतो की ऐकणाऱ्याला आपणही एखादा ट्रक दरीत घालावासा वाटतो.) मी मात्र दारूला शिवलो नाही की तुरुंग पाहिला नाही. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं पाप एकच, आणि ते फक्त तुला माहीत आहे.

तू विसरली असशील म्हणून लिहितो. मी नऊ वर्षांचा, तू दहाची. उवा झाल्या म्हणून आईने आपल्या दोघांचेही केस एकाच कात्रीने, एकाच भांड्याच्या मापाने उडवलेले. ओढ्यावर अकरा पोरांचा बाप्तिस्मा, आणि झगे फक्त चार, म्हणून एकाने बाहेर येऊन ओला झगा दुसऱ्याला द्यायचा. तू पहिली होतीस, मी शेवटचा. आई बाळंतीण, घरी. बाबा तिच्यापाशी. आपल्याबरोबर नेल आत्या, ती डोळे मिटून प्रार्थनेला बसली की जेवणाची घंटा होईपर्यंत उघडत नसे. आणि म्हाताऱ्या ब्रदर एमसनी पाण्यात उतरताना चष्मा काठावर ठेवलेला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी झाडामागे बसून थरथरत होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, म्हणालीस, "रडक्या, दे इकडे तो झगा," आणि सरळ दुसऱ्यांदा पाण्यात गेलीस. मग परत येऊन, मी कोरडा दिसू नये म्हणून माझ्या डोक्यावर टोपीभर पाणी ओतलंस. ताई, डोक्यावर पाणी ओतून भागवायचं काम मेथडिस्टांचं. म्हणजे गेली सत्तावन्न वर्षं मी मेथडिस्ट आहे, आणि त्यातली एकतीस अख्खं बुडवणाऱ्या बॅप्टिस्ट मंडळीचा पुढारी, डीकन!

बरं, डीकन होऊन गप्प बसावं ना? व्यासपीठामागच्या बाप्तिस्म्याच्या हौदाची जबाबदारीही माझ्याकडेच. मी तो भरतो (बाहेर उभा राहून, नळीने), पाणी कोमट करतो आणि उतरणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून सांगतो की घाबरू नका, काही होत नाही. आमच्या पियानोवाल्या मिसेस ग्विन मेथडिस्ट घरातून आल्या, तेव्हा भर सभेत उठून, थेंबाथेंबाने बाप्तिस्मा होत नसतो, अख्खं बुडावं लागतं, असं ठणकावणारा मीच. त्या बिचाऱ्या साठीत बुडाल्या. आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

आता माझ्या विश्वासाची साक्ष लिहायला बसलो, तेव्हा दोन ओळींत उरकायचं ठरवलं होतं. पण एकदा ओढ्यात उतरलो (कागदावर), तर हात थांबेना. पाय लटपटत होते, तरी मी उतरलो, असं लिहिलं. शेवटी लिहिलं की पाण्याखाली गेल्यावर भीती वरच राहिली, आणि खाली कुणीतरी आधीपासून माझा हात धरून उभं होतं. रविवारी वाचलं तर बायका डोळे पुसायला लागल्या. ब्रदर टेटने मला मिठी मारली. मीही, लाज वाटते सांगायला, थोडा रडलो.

आणि दाराशी मला हॉलिस पिकार्डने गाठलं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानाचा हॉलिस, तुला आठवेल. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हापासून पाण्याला भितो. पन्नास वर्षं बायकोबरोबर मागच्या बाकावर बसला, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही. ती इमोजीन गेल्या हिवाळ्यात वारली. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "डेल्मर, लेका, तू नऊ वर्षांचं भेदरट पोर, तू उतरलास. आणि मी अठ्ठ्याहत्तरचा घोडा काठावर उभा. इमोजीनने जाताना एवढंच मागितलं होतं माझ्याकडे. आता उतरतो. पण तू बरोबर हवास. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही." मी हो म्हणालो.

ताई, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. त्याला खरं सांगावं तर तो पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसेल आणि तिथेच मरेल. न सांगावं तर मी कोण त्याचा हात धरणारा? म्हणून ठरवलंय, येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहून सारं कबूल करणार. डीकनपद गेलं तर जाऊ दे. लोक हसले तर हसू देत. तुला आधी कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझा गुन्हेगार भाऊ,
डेल्मर

ता. क. आज सोमवार, दहा तारीख. पत्र खिशातच राहिलं. काल मी उभा राहिलो. ब्रदर टेट म्हणाले, "बोला, बंधू." हॉलिस पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसला होता, नवा शर्ट घालून. मी घसा खाकरला आणि सांगितलं की बुधवारच्या जेवणाला सगळ्यांनी भरलेली अंडी आणू नयेत, मागच्या खेपेला अकरा थाळ्या झाल्या होत्या. आणि बसलो. (सगळ्यांनी माना डोलावल्या. महत्त्वाचा मुद्दा होता म्हणे.)

ता. क. दुसरं. हॉलिसचा दिवस तेवीस तारखेला ठरलाय. काल दुपारी घरी आला होता. विचारत होता, "खरं सांग, पाण्याखाली कुणी असतं ना रे?" मी हो म्हणालो. पण ताई, मी कधी खाली गेलोच नाही. ते शब्द तुझे आहेत. त्या संध्याकाळी ओसरीवर केस पुसत तू मला सांगितलंस, आणि मी ते जन्मभर जपले, कारण माझ्याकडे तेवढंच होतं. ते खरं होतं, की रडणाऱ्या भावाची समजूत काढायला सांगितलंस? मला एवढंच कळव. खरं असेल तर दोन ओळी पुरेत. मग मी ब्रदर टेटकडे जाऊन सगळं सांगतो, आणि तेवीसला हॉलिसच्या आधी मीच उतरतो. आणि खोटं असेल, तर लिहू नकोस. तू ये. गुडघा दुखत असला तरी ये. आमच्या दोघांपैकी कुणालाच पाण्यात एकटं उतरणं जमणार नाही.