वारा पडलेले तास

सर, आज सकाळी पुन्हा वारा पडला होता आणि मला तुमची आठवण झाली. आठवण झाली असं आपलं म्हणायचं, खरं तर राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता राग धरणं म्हणजे वेडेपणाच. पण वयाबरोबर माझं शहाणपण काही वाढलं नाही, खोकला तेवढा वाढला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अहो, आधी निरीक्षण लिहा, मत नंतर." म्हणून लिहिते. आकाश निरभ्र आहे, दारातल्या पिंपळाचं पान हलत नाही, कारखान्याचा धूर थोडा वर जाऊन अडल्यासारखा थांबलाय आणि हळूहळू गावावर उतरतोय. मी खिडक्या लावून बसले आहे. समुद्राकडून वारा सुटेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, तेवढ्यात हे पत्र होईल.

तुम्ही आलात तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत आणि आमच्या खाडीकाठावर विजेचा खांबसुद्धा नव्हता. मुंबईहून बोटीनं दिघीला, तिथून तरीनं आगरदांड्याला आणि पुढं बैलगाडीत पेट्या घालून तुम्ही आलात. पेट्यांत यंत्रं आहेत म्हटल्यावर सगळा गाव टेकाडावर जमला, आणि पेटीतून वाट्या लावलेला दांडा निघाला तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वारा मोजायला पगारी माणूस आलाय! मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, गणितात बरे मार्क होते, वडील नव्हते, आणि मला पुढं शिकवायचं की लावणीला जुंपायचं हे आईचं ठरत नव्हतं. तुम्हाला आकडे उतरवायला माणूस हवं होतं. टेकाडावरच्या पत्र्याच्या खोलीत उभ्या उभ्याच तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. यंत्रानं रात्रभर शाईनं काढलेली वाकडीतिकडी रेघ पुढं केलीत आणि म्हणालात, "यातनं दर तासाचा वारा वाचून दाखवा." दाखवा! मला तोवर जन्मात कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सायबाला चष्मा लागलाय का न्हाय अजून?"

काम कशासाठी ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. गावाच्या उत्तरेला जी खारजमीन होती तिथं खताचा कारखाना यायचा होता. त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर कुठं जाईल, किती खाली उतरेल, हे बांधायच्या आधी कागदावर काढायचं, आणि त्यावरून धुराडं किती उंच करायचं, मुळात कारखाना इथं करायचा की नाही, ते ठरवायचं. त्यासाठी वर्षभराचा दर तासाचा वारा, त्याची दिशा, ऊन, ढग, सगळं कोष्टकांत बसवून मुंबईच्या सल्लागार साहेबांकडं धाडायचं होतं; ते आकडे एका सूत्रात घालणार होते. तुम्ही भिंतीच्या पत्र्यावर खडूनं ते सूत्र लिहिलंत आणि मला कळेल अशा बेतानं सोडवून दाखवलंत. वारा दुप्पट झाला की धूर निम्मा, कारण वाऱ्याचा वेग खाली भागायला बसलेला. मी सहज विचारलं, "आणि वारा नसेल तर?" तुम्ही खडू ठेवलात, हात झटकलेत. "शून्यानं भागता येत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल," म्हणालात आणि चहाचं आधण ठेवायला उठलात. मला वाटलं, आपण काहीतरी खुळचट विचारलं.

खुळचट नव्हतं. आमच्या गावाचा सगळा प्रश्न तेवढाच होता. रात्री डोंगराकडून मतलई वारा सुटायचा, तो सगळं समुद्रात न्यायचा. दिवसा समुद्रावरून खारा वारा यायचा, तो सगळं डोंगरापलीकडं न्यायचा. आमचं गाव या दोन्ही वाऱ्यांच्या वाटेतून बाजूला, टेकाडाच्या कुशीत. पण पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, एक वारा थांबलेला आणि दुसरा अजून सुटलेला नाही अशा वेळी, गावातल्या चुलींचा धूर आंब्यांच्या शेंड्यांखाली गोधडी पसरल्यासारखा पडून राहायचा. हे कुणी मोजून सांगायची गरज नव्हती, शेंबड्या पोरालाही दिसत होतं. हिवाळ्यात तर जवळजवळ रोज. एकदा अशा तासांच्या चौकटी मी रिकाम्या सोडल्या, वाराच नाही तर लिहायचं काय म्हणून. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "रिकामी चौकट म्हणजे तुम्ही झोपला होतात. वारा नव्हता, ही नोंद आहे. ती लिहा." मी रडत रडत सगळ्या चौकटी भरल्या आणि पुढं एकही सोडली नाही. वाऱ्याचं चित्र काढायलाही तुम्हीच शिकवलंत: सोळा दिशांना सोळा काड्या, जिकडून वारा जास्त तिकडची काडी लांब, मध्ये एक गोल, आणि वारा पडलेल्या तासांचा आकडा त्या गोलात. आपल्या चित्रात गोलातला आकडा कुठल्याही काडीला भारी पडला. तुम्ही तो कागद बराच वेळ हातात धरून बसला होतात.

मला हिवताप आला तेव्हा तुम्ही विचारपूस करायला घरी आलात. अजून दिसतं मला ते. तुम्ही स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी उभे आहात, चपला कुठं काढाव्यात ते तुम्हाला कळत नाही, आणि आई पाट सरकवते आहे. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. तुम्ही पहिला घास घेता न घेता तोच आई विचारते, तिला आडपडदा कधी जमलाच नाही, "सायेब, येवरं मोजताव तर येक सांगा. त्यो धूर आमच्यावं येल का न्हाय?" ती उगाच विचारत नव्हती. तिची छाती आधीपासून नाजूक, चुलीपुढं बसलं तरी धाप लागायची. खाडीपलीकडच्या तिच्या भावानं सांगून ठेवलं होतं, धूर येणार असेल तर तिथलं सोड आणि माझ्याकडं ये, पडवीतली खोली तुला देतो. येणार नसेल तर ती घर कशाला सोडेल? तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "बाई, वर्ष पुरं होऊ द्या. मोजून सांगतो." त्या दिवसापासून आई तुमच्या उत्तरावर विसंबून राहिली. भावाला निरोप धाडला, सायबांचं मोजून झालं की कळवते.

वर्ष पुरं झालं आणि मुंबईचे सल्लागार साहेब स्वतः आले. त्यांना दुष्ट ठरवावं असं मला पुष्कळदा वाटलं, पण माणूस तसा नव्हता. माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला होता, अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाले, वारा पडलेले तास सूत्रात जात नाहीत, तेव्हा अशा प्रत्येक तासाला यंत्र दाखवतं त्यातला सगळ्यात कमी वेग द्या आणि दिशा आधीच्या तासाची द्या. सगळीकडं असंच करतात. "आधीच्या तासाची म्हणजे मतलईची," तुम्ही म्हणालात, "म्हणजे तो सगळा धूर कागदावर समुद्रात जाणार." "जाणार," साहेब म्हणाले. "मला कळतं ते. तुम्ही दुसरं काही सुचवा, सूत्रात बसेल असं. मी लगेच घालतो." मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुमच्याजवळ सुचवायला काही नव्हतं, सर. जगात तेव्हा कुणाजवळ होतं की नाही, मला माहीत नाही. वारा पडलेल्या तासांबद्दल एक तळटीप जोडायची तुम्ही परवानगी मागितलीत आणि साहेबांनी ती खळखळ न करता दिली. ती तळटीप अजूनही त्या अहवालात असेल. कुणी ती काढली नाही, कारण कुणी ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी कोष्टकं नव्यानं उतरवायची होती. मी दौत-टाक घेऊन बसले तर तुम्ही म्हणालात, "हे तुम्ही करायचं नाही. तुमचं गाव आहे हे." मला बाहेर ढग बघायला बसवलंत आणि स्वतः आत एकटे बसून वारा पडलेल्या एकेका तासाला वारा देत राहिलात. मला फार अपमान वाटला. वर्षभर राबले मी आणि शेवटच्या कामाला तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असं वाटून मी जेवलेसुद्धा नाही. तुम्ही मला कशातून वाचवत होतात हे कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमच्या बोटांना शाई लागली होती आणि ती तुम्ही मातीनं घासत होतात.

मग कारखान्याच्या माणसांनी चावडीवर गाव जमवला. हवामानाचा रीतसर अभ्यास झालाय, धूर समुद्रात जाणार, काळजी नको. कागदावर शिक्का होता आणि खाली तुमची सही. गाव खूश झाला. ही बातमी आठवड्याच्या आत आईच्या भावापर्यंत पोचली आणि त्याचं उत्तरही आलं. आणि मग एका संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. पाटावर बसला नाहीत. "बाई, तुम्ही भावाकडं जा," म्हणालात. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "कागदावं तं धूर दर्यावं जातंय म्हनं." "कागदावर जातो. हिवाळ्यात सकाळचा तो तुमच्या घरावर येईल." "माज्या भावाचा निरोप हाय, सरकारानं लिवलंय धूर न्हाय येनार, मंग घरदार टाकून कशाला येतंस? त्याला मी काय दाखवू? तुमी लिवून द्या, सायेब. धूर येल, येवरंच लिवा, खाली सही करा. मी उद्या निगते." तुमच्या खिशाला पेन होतं. तुमचा हात तिकडं गेलासुद्धा, मी पाहिला. मग तो खाली आला. तुमच्या सहीचा एक कागद चावडीवर होता, त्याच्या उलट दुसरा कसा देणार? पुण्यात संसार होता, मुलं शिकत होती. हे मला कळत होतं आणि आईला माझ्याआधी कळलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "चा घ्या." आणि तुम्ही चहा घेतलात. आम्ही तिघंही पावसापाण्याचं बोललो.

महिन्याभरात तुमची बदली झाली. जाताना तुम्ही तुमचा लोकरीचा मफलर मला दिलात, आमच्या घामाच्या गावात मफलर! आणि पुण्याच्या तुमच्या हवामानाच्या कचेरीत माझ्यासाठी शब्द टाकतो म्हणालात. टाकलातही; बोलावणं आलं होतं. पण आई जाणार नसेल तर मी कशी जाणार? मी इथंच शाळेत लागले. तुम्ही गेल्याचं पोस्टकार्ड तुमच्या पत्नीनं धाडलं तेव्हा कारखाना सुरू होऊन काहीच वर्षं झाली होती. वालाची पानं कडेनं करपायला लागली होती आणि आई रात्री बसून झोपायला लागली होती.

आता रागाचं सांगते. तुम्ही कोष्टकांत खोटा वारा भरलात, त्याचा मला राग नाही. तिथं तुमचे हात बांधलेले होते. मला राग आहे तो त्या संध्याकाळचा. आईला खरं सांगायचं होतं तर ते लिहून द्यायचं होतं, आणि लिहून देता येत नव्हतं तर तिच्याशी खोटं बोलायचं होतं. म्हणायचं होतं, बाई, धूर दर्यावर जातो, खुशाल राहा. बाकीच्या गावानं तेच मानलं आणि खोकल्याला खोकला म्हणत दिवस काढले. आमच्या आईला मात्र रोज पहाटे ठाऊक असायचं. डोळा उघडला की ती आधी पिंपळाकडं बघायची. पान हलत नसलं की अंथरूण आतल्या खोलीत ओढायची, दाराच्या फटीत लुगडं कोंबायची आणि बसून राहायची. तक्रार कधी केली नाही. उलट कुणी आलं-गेलं तर म्हणायची, "सायेब बोलला व्हता." जशी काही तुमचीच पाठराखण करत होती. जाताना तिला फार त्रास झाला, सर. त्या सकाळीही वारा पडलेलाच होता.

तुमच्या पत्नीही आता नाहीत, तेव्हा हे पत्र धाडायला पत्ता नाही. पण असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. गेल्या आठवड्यात मुंबईहून एक मुलगी आली होती. कारखान्याला दुसरं धुराडं लावायचंय, त्याच्यासाठी हवामानाचे आकडे तयार करते आहे. चुणचुणीत पोर. या म्हातारीनं पूर्वी इथं वारा मोजलाय असं तिला कुणीतरी सांगितलं. मी विचारलं, वारा पडलेल्या तासांचं काय करतेस गं? म्हणाली, "ते कंप्यूटर आपोआप भरतो, आजी." मी दारातल्या पिंपळाकडं बघितलं. तिला काय वाटलं कोण जाणे, वही उघडून तिनं मला विचारलं, "पहिल्या धुराड्याच्या वेळी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं का? कुणाला माहीत होतं असं तुम्ही सांगितलंत, तर मी अहवालात लिहीन. दुसरं धुराडं निदान अडेल." पोर मनापासून विचारत होती. पण माहीत होतं म्हणायचं, तर कुणाला हे सांगावं लागणार. आणि ज्याला माहीत होतं त्याची त्या कागदावर सही आहे. मी म्हणाले, नाही गं बाई, तेव्हा कुणाला काय ठाऊक असणार. तिनं तसंच लिहून घेतलं.